टॉर्च मंद होतो तेव्हा आत नेमकं काय होतं?

टॉर्चच्या उजेडात मोबाईलवर व्हिडिओ काढला की कधीकधी पडद्यावर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्यांना मात्र तोच उजेड अखंड दिसत असतो. गोठ्यात शिरलेल्या सापाचा व्हिडिओ असो की रात्री फुटलेल्या पाटाचा, पाठवणारा खाली लिहितो, "कॅमेरा जरा खराब हाय." कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट त्याने टिपलेली असते, ती म्हणजे टॉर्च सेकंदाला शे-दोनशे वेळा विझून पुन्हा पेटतोय.

आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात टॉर्च ही हौसेची वस्तू नाही. रात्रीच्या थ्री-फेजवर उसाला पाणी पाजायला जायचं असतं, वळवाच्या पहिल्या सरीला लाईट जाते, जांबोटी-कणकुंबीकडे तर पावसाळ्यात अंगणातून परड्यात जायलाही हातात उजेड लागतो. तरी टॉर्च घेताना आपण बघतो एकच गोष्ट, फोकस किती लांब पडतो. गणपत गल्लीतला दुकानदार तो फुल करून थेट समोरच्या माडीवर मारतो, "बघा की काका, कुठवर पडतंय!" आणि आपण पैसे देऊन मोकळे होतो. घरी आणल्यावर त्याच टॉर्चची बहुतेक कामं हातभर अंतरावरची निघतात. फ्यूज बघणे, कुलूप उघडणे, म्हशीचा पान्हा सुटलाय का ते पाहणे, झोपलेल्या पोराला न उठवता औषधाची बाटली शोधणे. ही सगळी कामं मंद उजेडाची. म्हणून टॉर्च मंद कसा होतो, यावर तो पारखायचा, असं माझं मत आहे.

## मंद करण्याच्या दोन तऱ्हा

उसाच्या सरीत पाणी कमी सोडायचं असेल तर दोन उपाय असतात. एक, व्हॉल्व्ह थोडा आवळायचा. धार बारीक होते, पण तुटत नाही. दुसरा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवून मोटर सारखी चालू-बंद करत राहायची. तासाभरात सरीत गेलेलं पाणी दोन्हीकडे सारखंच भरेल, पण दुसऱ्या पद्धतीत पाईप पूर्ण धार आणि कोरडा ठाक अशा उड्या मारत राहतो.

एलईडीचंही तसंच आहे. त्यात जाणारा विजेचा प्रवाहच कमी केला तर उजेड कमी होतो आणि अखंड राहतो. याला स्थिर प्रवाहाची पद्धत म्हणू. दुसऱ्या पद्धतीत एलईडीला प्रत्येक वेळी पूर्ण प्रवाह द्यायचा, पण तुकड्या-तुकड्याने. दहा टक्के उजेड हवा असेल तर दहा टक्के वेळ चालू, नव्वद टक्के वेळ बंद. हे इतक्या झपाट्याने करायचं की डोळ्याला सरासरी तेवढी जाणवावी. तांत्रिक भाषेत हिला पीडब्ल्यूएम म्हणतात. मी हिला चालू-बंद पद्धत म्हणतो.

जुन्या पिवळ्या बल्बला हा प्रश्न फारसा नव्हता. घरच्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० फेऱ्या करतो आणि प्रत्येक फेरीत दोनदा शून्यावर येतो, म्हणजे त्या बल्बलाही सेकंदाला १०० वेळा हिसका बसायचा. पण तापलेली तार इतक्यात थंड होत नाही. त्यामुळे उजेड किंचित हलायचा, विझायचा नाही. एलईडीत तापून लाल होणारं काही नसतं. प्रवाह तुटला की डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी उजेड पार शून्य. ज्या चपळपणासाठी एलईडीचं कौतुक होतं, तोच इथे नडतो.

## दिसतच नाही, तर बिघडलं कुठं?

हा पहिला आक्षेप, आणि तो रास्त आहे. एखाद्या स्थिर दिव्याकडे टक लावून बघितलं तर सेकंदाला साधारण ६० ते ९० च्या पुढची लुकलुक बहुतेकांना जाणवत नाही. पण आपण टक लावून बसत नाही ना! नजर सतत उड्या घेत असते, हात हलतात, समोरची वस्तू हलते. रात्री हायवेवर पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवरून झटकन नजर फिरवली की एका दिव्याऐवजी ठिपक्यांची ओळ दिसते, हे अनेकांनी पाहिलं असेल. ती याच लुकलुकीची. नजर सरकत असताना दिवा ज्या ज्या क्षणी पेटतो, तेवढेच ठिपके डोळ्यात उमटतात. नजर वेगाने फिरली तर सेकंदाला हजारच्या वरची लुकलुकही अशी पकडता येते.

एलईडीच्या लुकलुकीबद्दल आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने २०१५ मध्ये एक शिफारस काढली. तिचा साधा मथितार्थ असा, की उजेड पूर्ण विझून पेटत असेल तर तो सेकंदाला १२५० पेक्षा जास्त वेळा असावा, म्हणजे धोका कमी. ३००० च्या पुढे गेला तर परिणाम जाणवण्याची शक्यता जवळपास नाहीच. स्वस्त टॉर्चमधली लुकलुक शे-दोनशेच्या घरात असू शकते, त्यावरून अंतर किती ते कळेल. सगळ्यांना सारखा त्रास होत नाही. पाच मिनिटं परसात जाऊन येणाऱ्याला काहीच वाटणार नाही. पण ज्यांना मुळात अर्धशिशी आहे, किंवा जे तासभर टॉर्चच्या उजेडात वाचतात, वायरिंग करतात, त्यांचे डोळे शिणतात आणि डोकं धरतं. कारण मात्र लक्षात येत नाही, दोष जातो चष्म्याच्या नंबरावर.

## हलत्या यंत्रापाशी

त्रासापेक्षा मोठा प्रश्न इथे आहे, आणि उद्यमबागेत लेथवर काम केलेल्या माणसाला तो नव्याने सांगायला नको. जुन्या चोकच्या ट्यूबलाईटखाली लेथचा फिरणारा चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा पकडून फिरवणारा भाग, कधीकधी थांबल्यासारखा दिसतो. म्हणून कारखान्यांत यंत्राजवळ वेगळा पिवळा बल्ब लावायचे, किंवा शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर घ्यायचे.

गणित करून बघू. पंपाची किंवा कडबाकुट्टीची मोटर मिनिटाला साधारण १४४० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला २४. तिच्यावर चार आऱ्यांची पुली आहे असं धरा. सेकंदाला १०० वेळा लुकलुकणाऱ्या उजेडात दोन झपक्यांच्या मधल्या वेळात ती पुली जवळपास पाव फेरा पूर्ण करते. एका आऱ्याच्या जागी दुसरा आरा येऊन बसतो, जरासा मागे. डोळ्याला दिसतं काय, तर पुली सेकंदाला एक फेरा, तोही उलट्या दिशेने, आरामात फिरतेय. प्रत्यक्षात ती बोटं घेऊन जाईल अशा वेगात आहे. २०० वेळा लुकलुकणाऱ्या टॉर्चमध्येही हेच होतं, फक्त आरे चाराऐवजी आठ दिसतात.

बाकी उजेडही असेल तर हा भास फिका पडतो. पण लाईट गेली, मग आली, अंधाऱ्या खोपीत एकच टॉर्च आणि पट्टा नीट बसलाय का ते बघायला माणूस वाकलाय, हा प्रसंग शेतात काही अपूर्वाईचा नाही. तिथे अखंड उजेडाचाच टॉर्च हवा, यात मी तडजोड मानत नाही.

मुद्दाम लुकलुकणारा 'डिस्को' मोड ही वेगळीच डोकेदुखी. बऱ्याच टॉर्चमध्ये बटण तिसऱ्यांदा दाबलं की तो सुरू होतो. सेकंदाला ३ ते ३० या वेगाची दिसणारी लुकलुक फिट्स येणाऱ्या काही जणांमध्ये झटका आणू शकते. शिवाय अंधारात आज्जीच्या हातात असा टॉर्च गेला की ती बटण दाबत बसते आणि आख्खं घर झगमगत राहतं. मोड टाळता येत नसेल तर निदान तो रोजच्या फेरीत येणार नाही, असं मॉडेल बघा.

## कंपन्या मग असं का करतात?

स्वस्त पडतं म्हणून. एलईडी चालू-बंद करायला एक छोटी चिप आणि एक ट्रान्झिस्टर पुरतो, बाकी सगळं प्रोग्राममध्ये. प्रवाह नेमका कमी करून स्थिर राखायचा तर सर्किट जास्त लागतं.

पण चालू-बंद पद्धतीच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे. एलईडीचा प्रवाह फार कमी केला की त्याचा रंग थोडा बदलतो, काही एलईडी हिरवट मारतात. पूर्ण प्रवाहाचे तुकडे केले तर रंग होता तसा राहतो. म्हणून काही चांगले उत्पादकही जाणूनबुजून ही पद्धत वापरतात, पण सेकंदाला हजारो वेळा. तशा टॉर्चला नावं ठेवायचं कारण नाही.

सेल जास्त चालतो तो मात्र स्थिर प्रवाहावर. एलईडीला जितका प्रवाह कमी, तितका तो दर वॉटमागे जास्त उजेड देतो. चालू-बंद पद्धतीत तो चालू असताना कायम पूर्ण प्रवाहावरच असतो, त्यामुळे हा फायदा हातचा जातो.

## दुकानात तपासायचं कसं

खोक्यावर 'फ्लिकर-फ्री' छापलेलं असलं तरी भरवसा ठेवू नका. ते किती वेगाला म्हणायचं याचा खोक्यापुरता काही नियम नाही. स्वतः बघा.

टॉर्च सगळ्यात मंद मोडवर न्या. ही पायरी चुकवू नका, कारण फुल मोडवर चालू-बंद बहुधा नसतंच. तिथे एलईडी शंभर टक्के वेळ चालू असतो. दुकानदार फुलवर दाखवतो तेव्हा लुकलुक असलेला टॉर्चही पास होतो. आता दुकानातल्या आडोशाला किंवा काउंटरखाली अंधारात टॉर्च धरा आणि त्याच्या उजेडात एक पेन झपाझप हलवा. पेनाचा एकसंध पुसट पंखा दिसला तर उत्तम. एकाशेजारी एक अशी पाच-सहा वेगवेगळी, कडा असलेली पेनं दिसली तर लुकलुक आहे. पेनं जितकी विरळ, तितका वेग कमी. घरी असाल तर नळाची बारीक धार त्या उजेडात बघा. लुकलुक असेल तर धारेचे सुटे थेंब हवेत अडकल्यासारखे दिसतात.

मोबाईलची परीक्षा जास्त कडक आहे. कॅमेरा टॉर्चच्या अगदी जवळ न्या आणि पडद्यावर पट्टे येतात का बघा. कॅमेऱ्यात प्रो मोड, म्हणजे सेटिंग हाताने बदलायची सोय, असेल तर शटर १/२००० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा. पट्टे मोजके आणि रुंद असतील तर लुकलुक मंद, म्हणजे वाईट. केसासारखे बारीक आणि खूप असतील तर वेग जास्त. ते डोळ्यांना बाधत नाहीत, केवळ तेवढ्यावरून टॉर्च परत करू नका. आणि दुकानातले दिवे बाजूला असतील तर त्यांचेही पट्टे येतात, ते टॉर्चच्या माथी मारू नका.

ऑनलाईन घेताना ही सोय नसते. तिथे ज्यांनी वापरलाय त्यांनी काढलेले मंद मोडचे व्हिडिओ बघावेत, आणि परत करण्याची मुदत असतानाच घरी परीक्षा उरकावी.

## किती उजेड पुरे?

उजेड मोजायचं एकक लुमेन. टॉर्चमधून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचा हा आकडा. डोळ्याचं गणित मात्र सरळ नाही. उजेड दुप्पट 'वाटायला' लुमेन सुमारे चौपट करावे लागतात. त्यामुळे ३०० आणि ४०० लुमेनच्या टॉर्चमधला फरक शेजारी धरूनही जेमतेम कळतो. उलट १ आणि १० लुमेन यांत घरभर फरक पडतो.

डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका प्रखर झोताने ती तयारी वाया जाते. म्हणून रात्री उठल्यावर १ लुमेनच्या आतबाहेरचा मोड असणं ही चैन नव्हे. घरातल्या कामाला १० ते ३०, अंगण-गोठ्याला ५० ते १००, बांधावरून चालायला १५० ते ३००. खिशातल्या टॉर्चला याहून जास्त क्वचितच लागतं. आणि चालू केला की आधी मंद, मग प्रखर, असा क्रम असलेला टॉर्च घ्या. मच्छरदाणीत एकदम तीनशे लुमेन पेटले की काय होतं ते शेजारी झोपलेल्याला विचारा.

धुक्यात उलटंच घडतं. चोर्ल्याकडे पावसाळ्यात टॉर्च प्रखर केला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण धुक्याचे थेंब तोच उजेड परत आपल्या डोळ्यांत फेकतात. पिवळा उजेड धुकं कापतो असं म्हणतात, पण धुक्याचे थेंब इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. टॉर्च डोळ्यांजवळ न धरता कमरेखाली धरायचा आणि एक मोड कमी करायचा, रस्ता जास्त दिसतो.

## खोक्यावरचे आकडे

'१०००० लुमेन' लिहिलेला, एकाच सेलवर चालणारा छोटा टॉर्च दिसला तर एक भागाकार करा. चांगला एलईडी टॉर्च साधारण एका वॉटला १०० लुमेन देतो. म्हणजे १०००० लुमेनला १०० वॉट लागले. जाडसर रिचार्जेबल सेल, ज्याला १८६५० म्हणतात, त्यात एकूण वीज भरते सुमारे ११ वॉट-तास. सात मिनिटांत सेल रिकामा, आणि त्याआधी टॉर्च हातात धरवणार नाही इतका तापलेला. हा आकडा थापच आहे. तोच सेल १० लुमेनवर हिशेबाने शंभर तासांच्या आसपास जातो, प्रत्यक्षात थोडा कमी.

'२०० मीटर' या आकड्यातही गोम आहे. अन्सी एफएल-१ या प्रमाणपद्धतीत झोताचं अंतर तिथवर मोजतात, जिथे उजेड ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो. तेवढ्यात गवा उभा आहे की झुडूप, हे सांगता येणार नाही. नीट ओळखायचं असेल तर छापलेल्या अंतराचं निम्मं किंवा त्याहून कमी धरून चाला.

एक आकडा मात्र कुणी बघत नाही आणि बघायला हवा. तो सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप. १०० पैकी ७० च्या आसपासचे टॉर्च सर्रास मिळतात. ९० च्या वरचा असेल तर लाल-तपकिरी छटा वेगळ्या कळतात. खानापूरच्या पश्चिमेला वाळक्या पाल्यात बसलेलं फुरसं आणि पाला यांत फरक असतो तो याच छटांचा. दुधाळ-निळसर उजेडात तो सपाट होऊन जातो.

## सेल कोणता?

पेन्सिल सेलचा टॉर्च घ्या, किंवा लिथियमचा. पेन्सिल सेल कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, हा त्याचा मोठा गुण. पण साधा सेल महिनोन्‌महिने आत पडून राहिला तर गळतो आणि टॉर्च कायमचा जातो. रिचार्जेबल पेन्सिल सेल त्या मानाने गळत नाहीत. ५० लुमेनवर त्यातला एक सेल चारेक तास देतो. लिथियमचा टॉर्च दमदार, पण सेल सुटा निघणारा असावा. आत पक्का बसवलेला सेल मेला की सगळा टॉर्च मेला. १८६५० सेलवर '९९०० एमएएच' लिहिलं असेल तर लांबच राहा. त्या आकाराच्या चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास असते. आपल्या पावसासाठी आयपीएक्स७ बघावं. एक मीटर पाण्यात अर्धा तास राहिला तरी चालेल, असा त्याचा अर्थ.

## मोबाईलला टॉर्च आहे की!

आहे, आणि घरातल्या घरात तो पुरतोही. पण त्याचा उजेड पसरतो, लांब जात नाही. पावसात भिजलेल्या हाताने पडदा चालत नाही. आणि लाईट रात्रभर गेलेली असेल तेव्हा मोबाईलची बॅटरी फोनसाठी राखायची असते. शिवाय खोऱ्याने पाट फोडताना मोबाईल दातात धरता येत नाही. छोटा टॉर्च येतो.

## घरातला जुना टॉर्च टाकायचा का?

गरज नाही. एकच मोड असलेल्या साध्या टॉर्चमध्ये बहुधा चालू-बंद नसतंच, त्यामुळे तो लुकलुकत नाही. सेल उतरेल तसा आपोआप मंद होत जातो एवढंच. तीन मोडचा टॉर्च मंद मोडवर लुकलुकत असेल तर तो फुलवर ठेवा आणि झोत छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे मारा. खोलीभर मऊ, अखंड उजेड मिळतो. जवळचं काम असेल तर काचेवर बटर पेपरचा किंवा दुधी चिकटपट्टीचा तुकडा लावा, दोन थर लावले तर आणखी मंद. फुलवर सेल लवकर उतरेल आणि टॉर्च तापेल. म्हणून कागद काचेच्या कडेलाच चिकटवा आणि तासभराचं काम असेल तर मध्ये बंद करून थंड होऊ द्या.